तीनशे चौदाची आई

चाचा कुणाच्याच डोळ्यांत बघत नसत. आपण बोलायला लागलो की त्यांची नजर आपल्या उजव्या खांद्यावर येऊन बसायची आणि बोलणं संपेपर्यंत तिथून हलायची नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माझ्या ॲप्रनला काहीतरी लागलंय. दोनदा तर मी खांदा झटकलाही. तिसऱ्या वेळी तेच म्हणाले, "काय न्हाई तिथं. डोळ्यांत बघितलं की त्यांना वाटतं, आपुन भांडायला आलो. मग सवयच लागली."

त्यांना म्हणजे माकडांना. चाचा आमच्या संशोधन केंद्रात माकडांची देखभाल करायचे. सुप्याकडून पारनेरला जाणाऱ्या रस्त्यावर एका उघड्या माळाला तारेच्या कुंपणात आमच्या तीन बैठ्या इमारती होत्या. बाहेर मोठी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. एसटीचा कंडक्टर सरळ विचारायचा, "माकडखान्याला कोण उतरणार?" मी पुणतांब्याच्या शेतकऱ्याची मुलगी, एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी तिथं आलेली. माकडखान्याला उतरायची मला सुरुवातीला लाज वाटायची. चाचांना कधीच वाटली नाही. त्यांचं गाव तिथून चार-पाच किलोमीटरवर. ते सायकलवर यायचे आणि फाटकातून आत शिरताना टोपी काढून खिशात घालायचे. एका माकडाला त्या टोपीची भीती वाटायची म्हणून ही सवय लागली होती. ते माकड मरून बरीच वर्षं झाली होती. टोपी खिशातच जायची.

चाचा दात दाखवून हसतही नसत. माकडांत दात दाखवणं म्हणजे घाबरणं किंवा घाबरवणं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम चाचींनी मला एकदा दाखवला. प्रत्येक फोटोत चाचा ओठ घट्ट मिटून, पाहुण्यांच्या खांद्याकडे बघत उभे. "लोकं म्हनली, बापाला स्थळ पसंत न्हाई वाटतं," चाची म्हणाल्या. "आता कुनाकुनाला सांगू, खुश हायेत म्हनून."

कुणी चिडलं, रडलं, की ते ओठांनी चटचट असा बारीक आवाज काढायचे. माकडांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी तुझा शत्रू नाही. दिल्लीहून पाहणीला आलेले एक अधिकारी एकदा आमच्या नोंदवहीतल्या चुकांवरून तावातावानं बोलत होते. चाचा त्यांच्या खांद्याकडे बघत चटचट करायला लागले. अधिकारी बोलायचे थांबले. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, ते तुमची समजूत काढताहेत." त्या दिवशीची पाहणी त्यानंतर बरीच सौम्य झाली.

आमचं काम एचआयव्हीवरच्या लशीचं. कोरोनानंतर अँटीबॉडी हा शब्द एसटीतल्या शेजारच्या माणसालाही ठाऊक झाला, त्यामुळे समजावणं सोपं झालंय. लस टोचली की शरीर त्या विषाणूला पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवतं. एचआयव्ही मात्र आपलं रूप इतकं झपाट्यानं बदलतो की त्या पकडीतून सुटतो. म्हणून आधी जनावरांत बघावं लागतं. माकडांना माणसाचा एचआयव्ही लागत नाही. त्यांचा त्यांचा एक विषाणू असतो. त्याला माणसाच्या विषाणूचं वरचं कवच चढवायचं, काही माकडांना लस द्यायची, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना तो विषाणू द्यायचा. पुढचे कित्येक महिने दर आठवड्याला रक्त काढून दोन गोष्टी मोजायच्या, अँटीबॉडी किती आणि विषाणू किती. ज्यांच्या रक्तातला विषाणू खाली उतरतो आणि खालीच राहतो, त्यांनी तो ताब्यात ठेवला असं आम्ही म्हणतो.

हे सगळं मी चाचांना पहिल्या महिन्यात मोठ्या उत्साहानं समजावलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, ह्या कामात मला अठरा वर्सं झाली. पर तुमी चांगलं सांगितलं."

खाणं वाटताना त्यांचा एक क्रम ठरलेला होता. लस न दिलेल्या माकडांना आधी. भिजवलेले हरभरे, केळ्याचे काप, भुईमुगाच्या शेंगा, सगळ्यातलं पहिलं त्यांना. असं का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "बाकीच्यांना निदान लस तरी घावली. ह्यांना माझ्याकडून शेंगा." मी म्हटलं, शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यांना सारखंच वागवायला हवं. ते म्हणाले, "सारखंच हाय. मोजून देतो. फक्त आधी देतो."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही अडखळत वाचायचे. पण आकडे पक्के होते. प्रत्येक माकडाच्या छातीवर नंबर गोंदलेला असतो. चाचा नंबरानंच हाक मारायचे, पण अशी की ते नावच वाटावं. तीनशे चौदा म्हणताना त्यांचा आवाज जरा वर जायचा, कारण तीनशे चौदा हावरा होता. तीनशे नऊ म्हणताना खाली यायचा, कारण तो दचकायचा.

आता त्या आलेखाची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय चाचा पुरे होत नाहीत, आणि मीही.

लस दिलेली आठ माकडं होती, न दिलेली चार. न दिलेल्या चौघांत विषाणू जो चढला तो चढलाच. दिलेल्या आठांपैकी पाचांमध्ये तो उतरला आणि खाली राहिला. पाच म्हणजे फार झाले. मॅडमच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान दिसत होतं. हे निकाल एका मोठ्या बैठकीत मांडायचे होते, आणि आलेख काढायचं काम माझ्याकडे होतं.

त्यात एकच गोष्ट मला खटकत होती. पाचांपैकी दोघांच्या रक्तात भरपूर अँटीबॉडी होत्या. उरलेल्या तिघांच्या रक्तात जेमतेम. तरी विषाणू पाचांतही उतरला होता. आपली लस अँटीबॉडीच्या जोरावर चालते असं म्हणायचं तर हे तिघे अडचणीचे होते. मी मनाची समजूत घातली, की शरीर गुंतागुंतीचं असतं, दुसरं काही कारण असेल. मग एक बारीक टीप लिहून पुढं सरकले.

बैठकीला चार दिवस होते. मी छापलेला तक्ता व्हरांड्यातल्या टेबलावर पसरून बसले होते. चाचा शेजारी पिंजऱ्याच्या दाराची कडी नीट करत होते. पाना ठेवून ते जवळ आले आणि पेन्सिलीनं गोल केलेल्या तीन नंबरांवर बोट ठेवलं.

"तीनशे नऊ, तीनशे चौदा, तीनशे बावीस. ह्या तिघांला येगळं का काढलंय?"

"अँटीबॉडी कमी आहेत चाचा, तरी विषाणू उतरला. कोडंच आहे."

"कोडं कसलं त्यात. एका आईची हायेत तिघं."

मी हसले. म्हटलं, "चाचा, आपल्याकडच्या नोंदीत जन्माचं वर्ष आहे, नर-मादी आहे, वजन आहे. आईचं नाव कुठंच नाही."

"नोंदीत नसंल. मी आनायला गेल्तो ना त्यांना, जिथं ती जन्मली तिथं. पंधरा दिस तिथंच ऱ्हायलो, तेवढ्यात त्यांना माझी सवय व्हावी म्हनून. तिथं मोठ्या आवारात एक मादी हुती, डावा कान फाटलेली. तिचं शेवटचं पिल्लू तीनशे बावीस. तीनशे चौदा त्याच्या आदल्या साली झालेला, अन तीनशे नऊ त्याच्याबी आधीचा. पाऊस आला की तिघंबी तिच्याच अंगाखाली शिरायची. आमी गाडीत घातलं तवा ती जाळीला धरून उभी हुती."

ते इतक्या सहज बोलले की मला लगेच धक्का बसलाच नाही. तो हळूहळू बसला. काही माकडांच्या अंगात जन्मतःच असे गुण असतात, की ती लशीशिवायही हा विषाणू ताब्यात ठेवतात. माणसांतही थोडी अशी असतात. हे आईबापांकडून येतं. चाचांचं खरं असेल, तर त्या तिघांत विषाणू उतरण्याशी आमच्या लशीचा संबंध नसण्याची शक्यता होती. पाचाचे दोन झाले असते. बैठक, पुढचा निधी, माझी पीएच.डी., सगळं त्या पाचावर उभं होतं.

मी तक्ता गुंडाळला आणि म्हटलं, "बघते."

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. हे लिहायला मला आता काही वाटत नाही, पण तेव्हा मी स्वतःशीही ते नीट कबूल करत नव्हते. म्हटलं, एका परिचराची आठवण, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. माकडं काय, सगळी सारखीच दिसतात. मग आठवायचं की सगळी सारखी दिसतात ती मला. चाचांना पाठीवरून ओळखू येतात.

त्यांनी या दोन दिवसांत एकदाही टोकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हरभऱ्याची बादली घेऊन जाताना थांबले.

"म्याडमला सांगितलं का?"

"नाही अजून."

ते माझ्या खांद्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर वर उचलली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यात राग नव्हता. पण माकडांना त्या बघण्याचं काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं. ते बादली घेऊन आत गेले, आणि मी मॅडमच्या खोलीकडे.

मॅडमनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"परवा."

"बरं. आज सांगितलंस." एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी त्या दोन दिवसांचा विषय काढलेला नाही.

बारा माकडांचं रक्त जनुकं तपासायला गेलं. बैठकीत मॅडमनी उभं राहून सांगितलं, की निकाल आत्ता मांडता येत नाहीत, एक शंका आहे. शंका कुणी काढली, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आमच्या प्राणिगृहाच्या परिचरांनी." काही लोक हसले म्हणे. पुढचा निधी वर्षभर लांबला.

तपासणी आली. चाचांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. तिघेही एका आईचे, आणि तिघांतही ते जन्मजात गुण. बाकी नऊ जणांत कुणातच नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्या तिघांना वगळून आलेख पुन्हा काढला. रडवेली होऊनच काढला. आणि तो बघत राहिले. लस दिलेल्या आठांतल्या उरलेल्या पाचांमध्ये आता सगळं सरळ होतं. ज्यांच्या अँटीबॉडी भरपूर, त्या दोघांचा विषाणू उतरलेला. ज्यांच्या कमी, त्या तिघांचा चढलेला. ते तीन भाऊ मध्ये असताना हे दिसतच नव्हतं. आमचा निकाल लहान झाला होता, पण पहिल्यांदाच त्याला काही अर्थ आला होता.

मी धावत प्राणिगृहाकडे गेले. चाचा फरशी धूत होते. मी सांगितलं, तर म्हणाले, "मग रडता कशाला?" आणि चटचट आवाज केला.

दोन माकडांवर काही सिद्ध होत नाही. सगळा प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या वेळी चाचांना आधी विचारलं. नवीन माकडं आणायला ते गेले ते पंधरा दिवसांऐवजी महिनाभर राहिले, आणि कोण कुणाचं कोण याची आकड्यांनी भरलेली वही घेऊन आले. प्रत्येक कुटुंबातली माकडं लस दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत सारखी वाटली. माझी पीएच.डी. दोन वर्षांनी पुढं गेली. वडील पुणतांब्याहून फोनवर विचारायचे, "अजून किती?" मी म्हणायचे, माकडांना विचारून सांगते.

दुसऱ्या वेळीही तेच निघालं. अँटीबॉडी जितक्या जास्त, तितका विषाणू खाली. सगळ्यांत नाही, कायमचा नाही, पण खात्रीनं. लस तयार झाली असं याला म्हणत नाहीत. कुठल्या दिशेला खणायचं ते कळलं, असं म्हणतात. मला तेवढं पुरतं.

प्रयोग संपला की माकडांना झोपवावं लागतं, कायमचं. आतड्यांत, गाठींत विषाणू कुठं दडलाय ते तेव्हाच बघता येतं. भुलीचं इंजेक्शन देताना चाचा प्रत्येकाजवळ असत. नियमात ते बसत नव्हतं. पण त्यांचा हात पाठीवर असला की माकड धडपडत नसे, म्हणून कुणी अडवत नसे. झाल्यावर ते धुण्याच्या नळाजवळच्या कट्ट्यावर दोन-दोन तास बसायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. एका नव्या डॉक्टरनं त्यांना विचारलं होतं, "चाचा, पाप वाटत नाही का?"

"वाटतं की. म्हनून तर मी जातो. ज्याला वाटत न्हाई त्याला आत पाठवू नका."

तीनशे चौदा गेला त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून शेंगा मागून घेतल्या आणि मुठीत धरून बसले. खाल्ल्या नाहीत.

शोधनिबंधात चाचांचं नाव लेखकांत घालायचं मॅडमनी ठरवलं, तेव्हा वरून विचारणा झाली की यांचं शिक्षण काय. मॅडमनी त्यांची ती वही पुढं केली. नाव राहिलं. चाचांना मात्र त्यात गोडी नव्हती. "लस उद्या फेल गेली तर लोकं मलाच धरतील," म्हणाले. आणि मग, "छापा छापायचं तर. पर त्यांचे नंबर बदलू नका." छापणाऱ्यांना नंबरांऐवजी अ, ब, क अशी अक्षरं हवी होती. मी सात-आठ पत्रं लिहिली. नंबर राहिले.

निबंध छापून आला तोवर चाचा निवृत्त झाले होते. मी तो घेऊन त्यांच्या गावी गेले. दिवस मावळतीचा सुमार होता. अंगणात चाचा बाजेवर बसले होते आणि खाली पोत्यावर एक बाई, चाळिशीतली, उन्हानं रापलेली. चाचींनी पाणी दिलं. ती बाईच आपणहून म्हणाली, "मी सुमन. ऊसतोडीवरून आलेय कालच. मला तो आजार हाय, ज्याच्यावर तुमी लोकं काम करता. चाचांनी सांगितलं असंल."

चाचांनी कधीच सांगितलं नव्हतं. सुमनबाईंकडूनच कळलं, की नवरा गेल्यावर तपासणीत त्यांचंही निघालं. पहिल्या वर्षी त्या चाचांकडे आल्या होत्या ते लस मागायला.

"मी म्हनलं, तुमी तिथं कामाला, एक सुई आना माझ्यासाठी. कुनाला सांगनार न्हाई. हे म्हनले, ती लस ज्याला आजार न्हाई त्याच्यासाठी हाय, अन तीबी अजून माकडातच हाय. मला लई राग आला."

"आला हुता," चाचा त्यांच्या खांद्याकडे बघत म्हणाले. "पायताण फेकलं हुतं."

"फेकलं हुतं. मग सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. गोळ्या चालू केल्या. दर साली कारखान्यावर जायच्या आधी तिथून चिठ्ठी आनून देतात, तिकडच्या दवाखान्यात दावायला. एकबी गोळी चुकली न्हाई, इतकी वर्सं."

मी निबंध पुढं केला. चाचांनी हात धोतराला पुसून तो घेतला. मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी क्षणभर बघितलं आणि पानं उलटायला लागले. तक्ता सापडल्यावर थांबले.

सुमनबाईंनी मान लांब करून बघितलं. "ह्यात माझ्या उपेगाचं काय हाय?"

मी काहीतरी बोलणार होते. पुढच्या पिढ्या, मानवजात, असलं काहीतरी. चाचा आधी बोलले.

"तुझ्या उपेगाचं काय न्हाई. तुला गोळ्याच हायेत. पुढं-मागं कुनाच्या तरी पोरीला हा आजार हुनार न्हाई, तिच्या उपेगाचं असंल. तेबी असंल. नक्की न्हाई."

"बरं," सुमनबाई म्हणाल्या. "वाचा तर."

चाचांनी तक्त्याच्या पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. "हा चारशे दोन. ह्याला आरसा दावला की मागं जाऊन बघायचा, दुसरं माकड कुठं बसलंय." बोट खाली सरकलं. "ही चारशे पाच. केळ्याची साल आधी खायची अन केळं मागनं. ही लई दिवस टिकली. हा चारशे सहा, हा माझ्यावर रुसायचा." ते सावकाश वाचत होते. इंग्रजी रकाने, आमचे सगळे हिशेब, टक्के, सगळं सोडून फक्त पहिला रकाना. सुमनबाई हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होत्या. मीही. मी त्या प्राण्यांचं रक्त दर आठवड्याला मोजलं होतं, आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

"गेली का ही समदी?" सुमनबाईंनी मध्येच विचारलं.

"व्हय. गेली."

तेवढ्यात सुमनबाईंच्या कनवटीचा मोबाईल वाजायला लागला. सातचा गजर. त्यांनी तो बंद केला, कमरेच्या पिशवीतून डबी काढली, एक गोळी तळहातावर घेतली. चाचींनी न विचारता तांब्या पुढं केला. गोळी घेऊन त्यांनी तोंड पदरानं पुसलं, डबी होती तिथं ठेवली आणि पुन्हा हनुवटी गुडघ्यावर टेकवली.

"हं," त्या म्हणाल्या, "पुढचा सांगा."